डेटाबेस अभिलेखन व आपत्ती-पुनर्स्थापन

रोजच्या व्यवहारातून बाहेर पडलेल्या, पण कायद्यासाठी, करारासाठी किंवा पुढे कधीतरी लागतील म्हणून जपायच्या नोंदी चालू डेटाबेसमधून काढून वेगळ्या, शक्यतो न बदलता येणाऱ्या साठ्यात ठेवणे म्हणजे डेटाबेस अभिलेखन. कार्यालयांत याला ‘जुना डेटा बाजूला काढणे’ किंवा सरळ ‘आर्काइव्ह करणे’ म्हणतात. पूर, आग, यंत्रबिघाड किंवा खंडणीखोर व्हायरस यांनंतर व्यवसाय पुन्हा सुरू करण्याची जी आगाऊ आखणी करतात, तिच्यात या कामाला जागा आहे. प्रत्यक्षात ती बहुधा रिकामीच राहते, कारण ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ एवढ्यावर चर्चा संपते.

बॅकअप आणि अभिलेख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॅकअप ही चालू डेटाची प्रत असते. मूळ डेटा जागेवरच राहतो आणि काही दिवसांनी जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी येते. अभिलेखात नोंद स्वतःच हलते. म्हणजे अभिलेखाची दुसरी प्रत नसेल, तर ती नोंद जगात एकाच ठिकाणी उरते. माल वखारीत हलवला म्हणून त्याचा विमा उतरत नाही, तसेच हे. तिसरा प्रकार जुळ्या सर्व्हरचा. एक बंद पडला तर दुसरा चालतो, पण चुकून पुसलेली नोंद पुढच्या क्षणी दोन्हीकडून जाते. त्यातच ओरॅकल या डेटाबेस प्रणालीत ‘आर्काइव्ह लॉग’ असा शब्द आहे, पोस्टग्रेसमध्येही त्याच अर्थाने ‘आर्काइव्ह’ म्हणतात. ती बदलांची क्रमवार नोंद असून डेटाबेस एखाद्या नेमक्या मिनिटापर्यंत मागे नेण्यासाठी वापरतात. या लेखातल्या अभिलेखाशी तिचा फक्त नावापुरता संबंध आहे. तरी ‘आर्काइव्ह चालू आहे’ या एका वाक्यावर मालक आणि संगणकवाला दोघेही आपापल्या अर्थाने निर्धास्त राहिल्याचे दिसते.

कोल्हापूरची आपत्ती

कोल्हापुरात हा विषय पंचगंगेपासून सुरू होतो. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग ही नावे अशा वेळी रोज कानावर येतात. ‘पाणी किती फुटावर?’ आणि ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले?’ हे दोन प्रश्न पावसाळ्यात नमस्काराच्या आधी विचारले जातात.

या पुराचा एक गुण असा की तो सांगून येतो. पाणी चढायला वेळ लागतो, त्यामुळे दुकानदार चोपड्या, माल आणि संगणक पोटमाळ्यावर नेऊ शकतो. पण पोटमाळ्यावर वीज आणि इंटरनेट नेता येत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी शहराच्या मोठ्या भागातली वीज बंद होती, आणि शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे–बंगळूर महामार्गही बंद झाला. सर्व्हर कोरडा, शाबूत, आणि तरीही चार-पाच दिवस हाताला न लागणारा, अशी ही अवस्था असते. इथल्या व्यवसायाला मुख्यतः दुसऱ्या जागेवरून, उसन्या लॅपटॉपवर, मिळेल त्या जोडणीवर काम सुरू करायची तयारी लागते. डेटाबेसचा आकार महत्त्वाचा ठरतो तो इथेच.

आकाराचे गणित

आपत्ती-नियोजनात दोन मापे वापरतात. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, हे आरपीओ. आणि किती वेळात काम पुन्हा सुरू झाले पाहिजे, हे आरटीओ. (आरटीओ म्हटल्यावर मराठी माणसाला लायसन्सची रांग आठवते, तिथेही प्रश्न किती वेळ लागणार हाच असतो.) पहिले माप बॅकअप किती वेळा घेतो यावर ठरते. दुसरे बऱ्याच अंशी डेटाच्या वजनावर.

समजा एका वितरकाकडे १० वर्षांचा २०० जीबी डेटा एकाच डेटाबेसमध्ये आहे. दूरच्या साठ्यातून तो ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला सगळे सुरळीत चालले तरी सुमारे ९ तास लागतात. पुराच्या दिवसांत जोडणी दर तासाला तुटणार, हे वेगळेच. यातली चालू आणि मागच्या वर्षाची नोंद २० जीबी असेल आणि उरलेली अभिलेखात गेली असेल, तर हेच काम तासाभरात होते. बिले फाडायला, येणी बघायला, पगार काढायला २०१६ सालची बिले लागत नाहीत. ती पाणी ओसरल्यावर सावकाश आणता येतात. नवा सर्व्हर, महागडी जोडणी यांवर खर्च करण्याआधी जुना डेटा बाजूला काढणे हा आरटीओ खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बाजूला काय काढायचे

कोणती नोंद ‘बंद’ झाली हे हिशोबनिसाने ठरवायचे असते, संगणकवाल्याने नव्हे. साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. काटापावत्या, तोडणी-वाहतुकीची बिले, ऊसबिले असा डेटा हंगामनिहाय विभागलेलाच असतो. डेटाबेसमध्येही हंगामवार विभाग पाडले, तर एक जुना हंगाम अख्खाच्या अख्खा सोडवून घेता येतो. लाखो ओळी एकेक करून पुसाव्या लागत नाहीत. पण धुराडे थंड झाले म्हणून हिशोब मिटला असे होत नाही. एफआरपीच्या (उसाला केंद्राने ठरवलेल्या किमान दराच्या) फरकाचा किंवा दुसऱ्या हप्त्याचा वाद चालू असेल, तर तो हंगाम तारखेने जुना आणि व्यवहाराने चालूच असतो.

दुसरी अडचण नात्यांची. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत प्रत्येक ओतकामावर हीट नंबर उठवलेला असतो. त्या नंबरावरून त्या दिवशीच्या वितळलेल्या धातूचा रासायनिक अहवाल सापडतो, आणि वाहन उद्योगातले ग्राहक तो काही वर्षांनंतरही मागू शकतात. आता पाठवणीचा तक्ता अभिलेखात गेला, अहवालांचा तक्ता चालू डेटाबेसमध्ये राहिला आणि पुढे कोणीतरी ‘जुने नको ते’ म्हणून पुसला, तर अभिलेखात ग्राहक सापडेल, तारीख सापडेल, हीट नंबरही सापडेल. त्या नंबरमागे काहीच नसेल. म्हणून एका व्यवहाराशी जोडलेले सगळे तक्ते एकत्र हलवतात. ग्राहक, माल, दर यांच्या याद्या चालू डेटाबेसमध्ये ठेवूनच त्यांची त्या वेळची प्रत अभिलेखातही घालतात.

हलवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रत काढायची, मग दोन्हीकडच्या ओळी आणि रकमांच्या बेरजा जुळवायच्या, अभिलेखाच्या प्रती दोन ठिकाणी पोहोचल्याची खात्री करायची, आणि पुसण्याचे काम त्यानंतर. ओळी पुसल्या तरी फाइलचा आकार बहुतेक प्रणालींत आपोआप घटत नाही. रिकामी जागा परत मिळवायची क्रिया स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ती न केल्यामुळे ‘आर्काइव्ह केले तरी डेटाबेस तेवढाच’ ही तक्रार नेहमी ऐकू येते.

प्रती कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे लोकप्रिय झाला. त्यातल्या ‘दुसऱ्या जागी’ या शब्दांचा अर्थ लावताना कोल्हापुरात फसगत होते. दुकान शाहूपुरीत, पेनड्राइव्ह मालकाच्या खिशात आणि मालकाचे घर नागाळा पार्कात, ही दुसरी जागा नव्हे. सांगलीची शाखाही नव्हे: पंचगंगा कृष्णेलाच मिळते, आणि २०१९ मध्ये दोन्ही शहरे एकाच आठवड्यात पाण्यात होती. शहराच्या उंच भागात किंवा कागल–हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ठेवलेली प्रत पटकन हाती लागावी म्हणून उपयोगी पडते. पण एक तरी प्रत या खोऱ्याबाहेर हवी. मुंबई म्हटले, तरी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्याच पावसाळ्यात पंचगंगेलाही मोठा पूर होता, हे लक्षात ठेवावे. व्यावसायिक डेटा सेंटर सहसा पुराचा विचार करून बांधतात, त्यामुळे मुंबई किंवा पुणे वर्ज्य नाही. सगळे एकाच ठिकाणी नको, इतकेच.

मोठ्या सेवेकडे डेटा दिला म्हणजे झाले, असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली. ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांतल्या काहींचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही गेले.

खंडणीखोर व्हायरसच्या धोक्यामुळे अभिलेखाची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच न पुसता येणारी ठेवतात. प्रत कूटबद्ध असेल तर तिची किल्ली निराळ्या ठिकाणी ठेवावी लागते. बुडालेल्या सर्व्हरवरच किल्ली असेल तर कोरडी प्रतही बंद पेटीच. आणि डिस्क भिजलीच, तर घरातल्या इतर सामानासारखी उन्हात वाळवून जोडून बघू नये. चालू केल्यावर उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. ती तशीच डेटा-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेत द्यावी.

किती वर्षे

कंपनी कायदा २०१३ नुसार हिशोबाची पुस्तके मागील ८ आर्थिक वर्षांची जपावी लागतात. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, असा बदल २०२२ मध्ये झाला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदलले याचा माग राहणे सक्तीचे आहे, तेव्हा अभिलेखात हा मागही गेला पाहिजे. नुसते आकडे पुरत नाहीत. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने: २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते, म्हणून त्या वर्षाची कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील चालू असेल तर मुदत वाढते. भागीदारीतल्या अडत दुकानाला कंपनी कायदा लागत नाही, जीएसटीचा नियम नोंदणी असेल तर लागतो. दुसऱ्या बाजूला, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा की हेतू संपल्यावर आणि दुसरा कायदा आड येत नसेल तर व्यक्तीची माहिती पुसावी. म्हणून प्रत्येक अभिलेखावर पुसण्याची तारीखही लिहावी लागते.

वाचता येणे

राज्य शासनाच्या कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानकाळातली कागदपत्रे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मोडी लिपीत आहेत. (पुरालेख या शब्दातला ‘पुरा’ प्राचीन या अर्थाचा, कोल्हापूरकराला त्यात पाणी दिसले तर त्याचा दोष नाही.) कागद टिकला, अक्षर स्वच्छ आहे, पण मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. डेटाबेसचे तेच होते, आणि त्याला शतक लागत नाही.

सहकारी संस्थांत आणि कारखान्यांत एके काळी फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरचा फार वापर होता. त्या घराण्यातल्या शेवटच्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टने द्यायचा आधार २०१५ मध्ये संपला. त्या काळातली सभासदांची मराठी नावे बहुधा युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धती रुळण्याआधीच्या) फॉन्टांत टंकलेली असायची. प्रत्यक्षात साठवलेली असायची ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरी रूप द्यायचा. तो फॉन्ट नसलेल्या आजच्या संगणकावर तीच यादी उघडली की ‘पाटील’च्या जागी कंस, टक्के आणि उलटे स्वल्पविराम दिसतात. एकेक फाइल शाबूत, एकही नाव वाचता येत नाही. हिशोबाच्या चालू सॉफ्टवेअरचीही हीच गत: टॅलीत वर्षनिहाय डेटा विभागायची सोय आहे आणि ती वापरावी, पण बऱ्याच जुन्या आवृत्तीतला डेटा नव्या आवृत्तीत उघडण्याआधी त्याचे रूपांतर करावे लागते.

उपाय साधा आहे. अभिलेख करतानाच मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलबरोबर साध्या मजकुराच्या तक्त्यांतही एक प्रत काढायची, आणि सोबत कोणत्या रकान्यात काय आहे, ‘ओ’ म्हणजे ओला की ओळख क्रमांक, हे सांगणारा कागद ठेवायचा. हा कागद लिहायला अर्धा दिवस जातो. म्हणूनच तो कोणी लिहीत नाही.

चाचणी आणि वेळ

प्रत परत उभी करून पाहिल्याखेरीज तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबीची फोल्डर पुसली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने अपयशी ठरत होता आणि तशी सूचना देणाऱ्या ईमेल पोहोचतच नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत कामी आली.

कोल्हापुरातल्या व्यवसायाला या कामासाठी वर्षातला काळ आपसूक मिळतो. मार्चअखेर हिशोबाचे वर्ष संपते, ऊस हंगामही तोवर आटोपत आलेला असतो, आणि पाणी चढायचे ते जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिल-मेमध्ये बंद वर्ष बाजूला काढून मृग निघण्याआधी चाचणी उरकता येते. चाचणी म्हणजे कार्यालयाबाहेरच्या कोऱ्या संगणकावर, मोबाइलच्या नेटवर, चालू डेटाबेस उतरवून एक बिल काढणे, अभिलेखातून पाच वर्षांपूर्वीचे एक बिल शोधणे, आणि दोन्हींना किती वेळ लागला ते लिहून ठेवणे. हे काम रोज सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला देत नाहीत. पुराच्या दिवशी तो नेमका पलीकडच्या काठावर अडकलेला असू शकतो.