ॲक्युपंक्चर (सूचिचिकित्सा)

चिनी वैद्यकातील एक उपचारपद्धती. शरीरावरील ठरावीक बिंदूंत बारीक, भरीव सुया टोचून वेदना व विकार यांवर उपचार करणे, हे तिचे स्थूल स्वरूप. चीनमध्ये ती सहसा एकटी वापरली जात नाही. वाळलेल्या पाल्याचा बोळा जाळून शेक देणे ही तिची कायमची जोडीदार क्रिया असून काढे, मालीश, तुंबडी, पथ्य व मंद हालचालींचे व्यायाम यांसह ती चिनी वैद्यकाचा एक भाग बनते. बोटांनी दाब देण्याचा प्रकार, म्हणजे ॲक्युप्रेशर, महाराष्ट्रात घरोघरी परिचित असल्याने त्याचा येथे विस्तार केलेला नाही.

उगम : परंपरेने या विद्येचे जनकत्व पीत सम्राट ह्वांगदी याच्याकडे दिले असून त्याचा काळ इ. स. पू. सत्ताविसावे शतक मानला आहे. लोकप्रिय लेखनात आढळणारा ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ हा दावा बव्हंशी याच समजुतीवर उभा आहे. त्याला ऐतिहासिक पुरावा नाही. ह्वांगदीच्या नावावरील ह्वांगदी नेइजिंग हा ग्रंथ सम्राट व त्याचा मंत्री छी बो यांच्या संवादांच्या रूपात असून त्याचे सूवेन व लिंगशू असे प्रत्येकी ८१ प्रकरणांचे दोन भाग आहेत. सुयांचे नऊ प्रकार, त्या टोचण्याची खोली, निषिद्ध जागा यांचा तपशील मुख्यतः लिंगशूत येतो. ग्रंथाचे संकलन सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांत ठेवतात. मात्र तो एकहाती नाही, आणि सूवेनची आजची संहिता आठव्या शतकातील वांग बिंग याच्या संपादनातून आलेली आहे.

ग्रंथापलीकडचा पुरावा उत्खननांतून मिळाला. हूनान प्रांतातील छांगशाजवळच्या मावांगदुई येथे १९७२–७४ मध्ये उघडलेल्या थडग्यांपैकी तिसरे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेले होते. त्यातील रेशमी पटांवर शरीरातील अकरा वाहिन्यांची वर्णने आहेत. प्रत्येक वाहिनी कोठून कोठे जाते, तिच्या बिघाडाने काय काय दुखते आणि उपाय काय, हे त्यांत ओळीने सांगितले आहे. उपाय सर्वत्र एकच : त्या वाहिनीवर शेक द्यावा. सुई टोचण्याचा उल्लेख या वाहिनीविषयक लेखांत नाही आणि नावे दिलेले बिंदूही नाहीत. नंतरच्या लिंगशूत वाहिन्या बारा होतात व सुई पुढे येते. यावरून आधी वाहिन्या व शेक, मग सुया आणि त्यानंतर बिंदूंची व्यवस्था असा क्रम अनेक अभ्यासक लावतात. बिंदू आधी अनुभवाने सापडले व ते जोडून वाहिन्यांच्या रेषा आखल्या गेल्या, हे जुने व अजूनही पाठ्यपुस्तकांत दिसणारे मत या पुराव्याशी जुळत नाही.

तरीही हा क्रम सरळ रेषेत मांडता येत नाही. सछ्वान प्रांतातील म्येनयांगजवळ १९९३ मध्ये मिळालेल्या लाखकामाच्या लाकडी पुतळीवर तांबड्या रेषा आहेत, बिंदू नाहीत. पण छंगदूजवळील लाओग्वानशान येथे २०१२–१३ मध्ये मिळालेल्या, जेमतेम १४ सेंमी. उंचीच्या दुसऱ्या पुतळीवर रेषाही आहेत आणि बिंदूही. दोन्ही पश्चिम हान या राजघराण्याच्या काळातील (सुमारे इ. स. पू. दुसरे-पहिले शतक) असल्याने बिंदूंची कल्पना काही प्रदेशांत लवकर रुजली असावी. इतिहासकार सिमा छ्येन याने बिआन छ्वे या वैद्याने मृतवत राजपुत्राला सुईने शुद्धीवर आणल्याची कथा दिली आहे. बिआन छ्वे ही बहुधा अर्धपौराणिक व्यक्ती आहे. त्याच प्रकरणातील चुन्यू यी या वैद्याच्या २५ रुग्णनोंदी मात्र (इ. स. पू. दुसरे शतक) अधिक विश्वसनीय मानल्या जातात. त्यांत काढ्यांवर भर असून सुईचा वापर थोड्याच ठिकाणी आहे. हबै प्रांतातील मान्छंग येथे राजपुत्र ल्यू शंग (मृत्यू इ. स. पू. ११३) याच्या थडग्यात १९६८ मध्ये चार सोन्याच्या व पाच चांदीच्या सुया सापडल्या, त्या वैद्यकीय असाव्यात असे बहुतेक मानतात.

अश्मयुगातील ‘दगडी सुयां’पर्यंत उगम मागे नेण्याचा प्रयत्नही झाला आहे. बिआन नावाच्या अणकुचीदार दगडांचा उल्लेख जुन्या ग्रंथांत येतो, पण त्यांचा उपयोग गळू फोडून पू काढण्यासाठी सांगितला आहे. गळू फोडणे व ॲक्युपंक्चर यांत बरेच अंतर आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये मिळालेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाच्या अंगावर ६१ गोंदणखुणा आहेत. त्यांपैकी काही ॲक्युपंक्चर बिंदूंजवळ असल्याचे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडले गेले. गोंदणे दुखऱ्या सांध्यांजवळ आहेत एवढे खरे. परंतु अंगावर शेकडो बिंदू मानल्यावर कोणतीही खूण कोणत्या तरी बिंदूजवळ पडणारच.

भारतीय उगमाचा दावा : ही विद्या भारतातून बौद्ध भिक्षूंमार्फत चीनला गेली, असे भारतीय भाषांतील पुस्तकांत पुष्कळदा लिहिलेले असते. आधार म्हणून सुश्रुतसंहितेतील मर्मे, वेधनकर्म व अग्निकर्म दाखविली जातात. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली आहेत व त्यांचे सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ व रुजाकर ८ असे वर्ग केले आहेत. वर्गांच्या नावांवरूनच स्पष्ट होते की मर्म ही शस्त्र लागू न देण्याची जागा आहे. ॲक्युपंक्चरचा बिंदू ही मुद्दाम टोचण्याची जागा. आठ शस्त्रकर्मांतील वेधन हे शिरा किंवा पाणी भरलेले पोट यांसाठी आहे आणि सुश्रुताच्या शस्त्रांतील सूची (सुई) प्रामुख्याने जखम शिवण्यासाठी. दाव्याला सर्वांत जवळचा उतारा चिकित्सास्थानातील आहे : अंत्रवृद्धीवर कानाजवळ, विरुद्ध बाजूस शिरावेध करावा असे तेथे म्हटले आहे. कान टोचल्याने अंतर्गळ होत नाही ही आपल्याकडील समजूत याच्याशी जोडतात. दूरच्या जागी टोचून विकार बरा करण्याची कल्पना येथे निश्चित आहे. पण ती रक्त काढण्याच्या परंपरेत बसते, आणि वाहिन्या-बिंदूंची व्यवस्था तिच्यामागे नाही.

कालक्रमही दाव्याच्या विरोधात जातो. चीनमध्ये बौद्ध धर्माचा प्रवेश सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकात धरतात, तर मावांगदुईचे लेख त्याआधीचे आहेत. उलट दिशेचा पुरावा अधिक मनोरंजक आहे. पाली ग्रंथांतील वैद्य जीवक हा शस्त्रे व औषधे वापरतो. चिनी भाषेतील त्याच्या एका चरित्रात तो हातात सुया व औषधाची पिशवी घेऊनच जन्मतो. भारतीय वैद्याला चिनी वाचकांच्या ओळखीचा करण्यासाठी ही भर पडली असावी, हे मत ग्राह्य वाटते. अग्निकर्म, ग्रामीण महाराष्ट्रातील डाग देणे, बिब्बा घालणे व तुंबडी लावणे यांचे चिनी क्रियांशी साम्य आहे. मात्र अशा क्रिया जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळतात.

पुढील इतिहास : तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने ३४९ बिंदूंची नावानिशी मांडणी केली. सुंग दरबारातील वांग वेइयी याने १०२७ च्या सुमारास ब्राँझचे दोन माणूसभर पुतळे ओतवून घेतले व त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे ठेवली. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण लिंपून आत पाणी भरत; विद्यार्थ्याची सुई बरोबर पडली तर पाणी बाहेर येई, असे वर्णन मिळते. यांग जीझोऊ याचा १६०१ मधील संग्रह पुढे प्रमाण ठरला. तरीही चिनी वैद्यांत काढ्यांची प्रतिष्ठा नेहमीच मोठी होती. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकसंस्थेतून सुई व शेक यांचे शिक्षण बंद केले. आज वापरतात ती केसासारखी बारीक सुई व शरीररचनेच्या आधारे निश्चित केलेले बिंदू यांचे बरेचसे श्रेय चंग दानआन (१८९९–१९५७) याच्या सुधारणांना जाते. १९२९ मध्ये चिनी वैद्यकावरच बंदी घालण्याचा प्रस्ताव आला व तो विरोधामुळे बारगळला. साम्यवादी राजवटीने डॉक्टरांच्या टंचाईमुळे त्याला पुन्हा उभे केले व एकसूत्री पाठ्यक्रम आखला. ‘प्राचीन’ म्हणून जगापुढे आलेले रूप हे म्हणून बरेचसे विसाव्या शतकात घडलेले आहे.

पश्चिमेत सतराव्या शतकापासून माहिती होती. विलेम टेन ऱ्हाइन या डच वैद्याचा प्रबंध १६८३ चा. खरी लाट मात्र १९७१ मध्ये आली. जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराचे आंत्रपुच्छ पेकिंगमध्ये काढण्यात आले. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागल्यावर उजव्या कोपराजवळ व गुडघ्यांखाली सुया टोचून पोटाजवळ पाल्याचा शेक दिला गेला आणि त्याला आराम पडला. शस्त्रक्रियेसाठी नेहमीचीच बधिरता दिलेली होती. ती सुयांनी दिली गेली, असा समज मात्र तेव्हापासून चिकटून राहिला आहे.

तत्त्व व तंत्र : छी ही जीवनशक्ती वाहिन्यांतून फिरते व ती अडली की दुखते, अशी मूळ कल्पना आहे. बारा मुख्य वाहिन्या व मध्यरेषेवरील दोन मिळून चौदांवर ३६१ बिंदू आज प्रमाण मानतात. या वाहिन्यांशी जुळणारी स्वतंत्र शरीररचना आढळलेली नाही. अंतर ‘त्सुन’मध्ये मोजतात, एक त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी, तर जोडलेली चार बोटे म्हणजे तीन. त्यामुळे माप प्रत्येक शरीरागणिक बदलते. मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन कंडरांच्या मधोमध असलेला नेइग्वान हा मळमळीसाठी, तर गुडघ्याखाली तीन त्सुन, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेरचा झूसानली हा पचन व अशक्तपणा यांसाठी वापरतात. सुई बहुधा पाव मिमी. जाडीची असते व २०–३० मिनिटे ठेवतात. टोचल्यावर जडपणा, ठणका किंवा मुंग्या आल्याखेरीज सुई लागू पडली असे मानत नाहीत. रुग्णाला हे आधी सांगितले नाही तर तो घाबरतो. रोजच्या आरोग्यरक्षणात सुईपेक्षा शेकाला महत्त्व आहे. त्यासाठी आर्टेमिसिया आर्जी या वनस्पतीचा वाळवून कापसासारखा केलेला पाला वापरतात. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच प्रजातीतील होय.

औषधे : काढ्यांचा पाया झांग झोंगजिंग याच्या सुमारे इ. स. २०० मधील ग्रंथाने घातला. त्यातील थंडीतापावरच्या एका प्रसिद्ध काढ्यात दालचिनीच्या काड्या, पिओनीचे मूळ, ज्येष्ठमध, आले व चिनी बोरे असतात. पिओनी वगळता बाकीचे घटक आपल्या वाण्याकडे मिळणाऱ्या जिनसांचे सख्खे-चुलत भाऊ आहेत. ली शिझेन याच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निघंटूत १,८९२ द्रव्ये आहेत. चौथ्या शतकातील गे होंग याच्या नोंदीवरून तू योयो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी आर्टेमिसिया ॲन्युआपासून हिवतापावरील आर्टेमिसिनीन वेगळे केले (नोबेल पारितोषिक, २०१५). सगळे काढे निरुपद्रवी नसतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या गोळ्यांत एका मुळाऐवजी ॲरिस्टोलोकिया प्रजातीचे मूळ पडले आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्याकडील सापसंद ही याच प्रजातीची.

परिणामकारकता : शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व दीर्घकालीन दुखणी (पाठ, मान, गुडघा, डोकेदुखी) यांबाबतचा पुरावा तुलनेने चांगला आहे. २०१८ मधील, ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात खऱ्या सुया लटक्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण हा फरक लहान होता. उपचारच न घेणाऱ्यांशी तुलना करता तो मोठा होता. जर्मनीतील १,१६२ रुग्णांच्या कंबरदुखीच्या चाचणीत (२००७) सहा महिन्यांनी योग्य बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७·६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४·२ टक्के व रूढ उपचार घेतलेल्यांपैकी २७·४ टक्के रुग्णांना आराम पडला. टोचण्याला काही अर्थ आहे, नेमक्या बिंदूला तेवढा नाही, असा याचा अर्थ लावणे सयुक्तिक दिसते. मज्जासंस्थेतून एंडॉर्फिने (शरीरातच तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये) स्रवणे हे एक स्पष्टीकरण आहे. आजारातून उठताना औषधोपचाराच्या जोडीने ही पद्धत घेता येते. कर्करोग, मधुमेह, संसर्ग यांवर मूळ उपचार सोडून नव्हे. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आवश्यक असते. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो.

भारतातील प्रसार : १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बसू व मुखर्जी हे पाच डॉक्टर होते. कोटणीस (१९१०–४२) शल्यचिकित्सक होते व तिकडेच निवर्तले. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते ही पद्धत शिकले व कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणीसांच्या नावाच्या समित्या व लुधियानातील रुग्णालय यांमुळे मात्र जनमानसात हे श्रेय कोटणीसांना मिळाले आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये ही पद्धत प्रशिक्षित व्यक्तींनी वापरायचा उपचारप्रकार म्हणून मान्य केली व २०१९ मध्ये स्वतंत्र मान्यतेचा आदेश काढला. पश्चिम बंगालचा कायदा १९९६ चा आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियमात व्यावसायिकांची नोंदणी व त्यासाठी परिषद यांची तरतूद आहे.