बाणाचा रंग बिघडला? डाय आहे की पिगमेंट, ते आधी ओळखा

घरी बनवलेल्या लाकडी बाणांचा रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसला, वॉर्निशमध्ये उतरला किंवा निळ्याचा हिरवा झाला, की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. टेबलाच्या फळीवर हा इलाज खपून जातो, बाणावर नाही. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ८.७ मिमीचा दांडा घासून ८.६ वर आला तर ताठपणा साधारण साडेचार टक्क्यांनी उतरतो, ८.५ वर आला तर ९ टक्क्यांनी. धनुष्याच्या ताकदीला जुळवून निवडलेल्या बारा बाणांतले दोन रंगापायी असे मऊ झाले, तर ते बाकीच्या दहांच्या जागी जाणार नाहीत. त्यामुळे रंग काढायचा की झाकायचा, घासायचा की पुसायचा, हे ठरवण्याआधी मुळात दांड्यावर काय लावलंय ते कळायला हवं.

डब्यावर दोन्हीला ‘स्टेन’च म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक असतो डाय आणि दुसरा पिगमेंटचा स्टेन. डाय पाण्यात, स्पिरिटमध्ये किंवा तेलात पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट म्हणजे गेरू, पिवडी, काजळी यांसारखी बारीक पूड. ती विरघळत नाही, नुसती तरंगते. मिठाचं पाणी आणि गढूळ पाणी यांत जो फरक, तोच इथे. विरघळलेला डाय लाकडाच्या तंतूंत शिरून त्यांनाच रंगवतो. पूड मात्र छिद्रांत, ओरखड्यांत जाऊन बसते, आणि तिला धरून ठेवायला त्या द्रवात थोडं तेल किंवा राळ मिसळलेली असते. हा चिकटा वाळला की पूड जागची हलत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. काचेच्या बाटलीत थोडा रंग ओतून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसून वरचा द्रव फिकट झाला असेल तर पिगमेंट. गाळ नाही आणि उजेडासमोर धरल्यावर द्रव वरपासून खालपर्यंत सारखा पारदर्शक दिसतो, तर डाय. गाळही बसला आणि वरचा द्रवही गडद रंगीत राहिला, तर डब्यात दोन्ही आहेत. बाजारातले बरेच तयार स्टेन या तिसऱ्या जातीचे असतात, आणि त्यांचा बिघाडही दुहेरी असतो. चामड्याला लावायचा स्पिरिटचा रंग बाणांसाठी पुष्कळ जण वापरतात. तो बहुतेक वेळा डायच असतो.

एकाच दांड्यावर दोघे वेगळे का दिसतात

सीडर, स्प्रूस, पाइन, डग्लस फर ही बाणांची नेहमीची लाकडं. वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला त्यांचा थर फिकट आणि भुसभुशीत असतो, नंतरचा गडद आणि टणक. पिगमेंटची पूड भुसभुशीत थरात ठासून बसते, टणक थरावरून पुसली जाते. परिणामी मुळात फिकट असलेली रेघ गडद होते, गडद रेघ फिकट राहते, आणि लाकूड फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं दिसायला लागतं. डायनेही हे थोडंफार होतं, पण तो टणक थरातही शिरत असल्यामुळे फरक सौम्य राहतो. डग्लस फर आणि पाइन यांत हा प्रकार सगळ्यात ठळक. बर्चसारख्या बारीक, एकजीव पोताच्या लाकडात रेघांचा प्रश्न उरत नाही, पण तिथे पिगमेंटला धरायला जागाच कमी मिळते आणि रंग फिका दिसतो.

दांडा ड्रिलला लावून फिरवत घासणाऱ्यांना पिगमेंट हमखास दगा देतो. फिरत्या दांड्यावर कागदाचे ओरखडे आडवे, म्हणजे बांगडीसारखे गोल पडतात. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत. पिगमेंट लावून पुसलं की प्रत्येक ओरखड्यात पूड अडकते आणि पूर्ण दांड्यावर केसाएवढ्या बारीक काळसर कड्या उमटतात. डाय लावलेल्या दांड्यावर त्याच कड्या जेमतेम जाणवतात. यावर उपाय लावण्याआधीचाच: ड्रिलवर १५० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर झाले की शेवटचा हात दांडा स्थिर धरून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांब लांब मारायचा. पिगमेंटसाठी २२० वर थांबावं. त्याहून गुळगुळीत केलं तर पुडीला पकड मिळत नाही. डायला ३२० सुद्धा चालतो.

पाण्याच्या डायची खोड वेगळी. पाणी लागलं की तंतू उभे राहतात आणि दांडा खरखरीत होतो. मग तो रंगानंतर घासला जातो, आणि वरचा रंगीत थर निघून फिकट पट्टे पडतात. त्याऐवजी डायच्या आधीच ओल्या फडक्याने दांडा पुसून पूर्ण वाळवावा, उभे राहिलेले तंतू ३२० ने हलके कापावेत आणि मगच रंग लावावा. दुसऱ्यांदा तंतू फारच कमी उठतात. पाण्याने दांडा थोडा वाकूही शकतो, म्हणून रंग वाळल्यावर सपाट पृष्ठावर लोळवून बघा. सरळ करायचा तर आत्ताच, हलक्या उष्णतेने. वॉर्निश चढल्यावर उष्णता दिली तर थर बिघडतो.

प्रमाणाबाबत: पाण्यातल्या डायच्या पुडीसाठी लिटरला ३० ग्रॅम हे नेहमीचं माप, म्हणजे १०० मिलीला ३ ग्रॅम. बाणांसाठी १०० मिलीला १.५ ग्रॅम करून दोन हात द्यावेत, असं आमचं मत. गडद करणं कधीही जमतं, फिकट करणं कठीण. पुडी कोमट पाण्यात विरघळवून कापडातून गाळा, नाहीतर न विरघळलेल्या कणाचा ठिपका दांड्यावर धूमकेतूसारखा ओढला जातो. स्पिरिटचा डाय इतका झटपट वाळतो, की हात जिथे थांबला तिथे गडद कडी पडते. फडकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात न्यायचं. ते जमत नसेल तर डाय पातळ करून तीन हात द्यायचे, प्रत्येक वेळी सुरुवातीचं टोक बदलून.

चट्टे दोघांनाही पडतात, कारणं थोडी निराळी. राळेचा ठिपका, बोटांचा तेलकटपणा किंवा सांडलेला गोंद असला तर तिथे डाय आत जात नाही आणि पिगमेंट टिकत नाही. टोकांना उलटं होतं: नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पातं बसवायला निमुळत्या केलेल्या उतारावर तंतूंची तोंडं उघडी पडतात, तिथे रंग भसाभसा शोषला जाऊन काळपट होतो. हे उतार रंग आणि वॉर्निश झाल्यावरच कापणं उत्तम. रंगही सांभाळला जातो आणि गोंदाला कोरं लाकूड मिळतं. भुसभुशीत लाकडाला पिगमेंट द्यायचाच असेल तर आधी लाखेचा पातळ हात द्या: १०० मिली स्पिरिटमध्ये ६ ग्रॅम मेण काढलेली लाख. शोषण सारखं होतं, रंग मात्र फिकट बसतो. स्पिरिटच्या डायखाली हा हात देऊ नका. स्पिरिट त्या लाखेलाच विरघळवतं आणि काम चिकट होऊन बसतं.

वरचा थर चढवताना

वॉर्निशचा ब्रश फिरवला आणि ब्रशच रंगीत झाला, तर बहुतेक वेळा तो डाय असतो. वाळला तरी तो विरघळायचा थांबत नाही. आपलं द्रावक पुन्हा भेटलं की सुटतो. स्पिरिटच्या डायवर ब्रशने लाख दिली की रंग ओढला जातो, पाण्याच्या डायवर पाण्याचं पॉलीयुरेथेन वॉर्निश (थोडक्यात पॉली) दिलं तरी तेच. पाण्याच्या पॉलीमध्ये थोडं इतर द्रावकही असतं, त्यामुळे स्पिरिटचा डायही कधीकधी त्यात उतरतो. पाण्याच्या डायवर तेलाचं पॉली ही सगळ्यात बिनधास्त जोडी. शंका असेल तर वरच्या थराचं जे द्रावक असेल त्यात पांढरं फडकं भिजवून वाळलेल्या दांड्यावर दोन बोटं जागेत घासा. फडकं रंगलं, तर वॉर्निशही रंगणार.

ही चाचणी पिगमेंटवर वेगळं सांगते. तेलातला स्टेन नीट वाळला असेल तर टर्पेंटाइनचं फडकं स्वच्छ राहतं. ते रंगलं तर रंग चुकीचा नाही, घाई झाली आहे. अशा स्टेनला किमान २४ तास द्या, दमट हवेत दोन-तीन दिवस. स्टेन न पुसता जाड सोडला असेल तर तो वाळूनही मऊच राहतो. त्यावरचा वॉर्निशचा थर नखाने सोलून निघतो आणि पिसांसकट सुटतो. लावल्यावर ५ ते १० मिनिटांत जादा स्टेन कोरड्या फडक्याने पुसायचाच. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

डाय उतरतोच आहे आणि वॉर्निश बदलायचं नाही, तर मध्ये अडसर घाला. पाण्याच्या डायवर मेण काढलेल्या लाखेचा एक हात पुरतो, १०० मिलीला १२ ग्रॅम. मेण असलेल्या लाखेवर पॉलीयुरेथेन नीट धरत नाही, म्हणून ‘मेण काढलेली’ ही अट सोडू नका. स्पिरिटच्या डायवर ही लाख ब्रशने नको, फवाऱ्याने आणि अगदी पातळ. बाण नळीत बुडवून वॉर्निश करणाऱ्यांनी तर हा अडसर घालावाच. एका दांड्याचा लाल डाय नळीत सुटला, की मागून येणारे सगळे दांडे गुलाबी निघतात.

निळ्याचा हिरवा होतो त्यात डाय-पिगमेंटचा दोष कमी. लाकूड पिवळसर, तेलाचं वॉर्निशही पिवळसर. त्यांच्यामध्ये पातळ, पारदर्शक निळा सापडला की हिरवटच दिसणार. जांभळा तपकिरीकडे झुकतो, राखाडी मळकट होतो. इथे पाण्याचं स्वच्छ पॉली हवं, म्हणून निळ्या डायखातर वरचा अडसर घ्यावा लागतो. आधीच हिरवट झालेल्या, पण वॉर्निश न चढलेल्या दांड्यावर अगदी पातळ लाल डायचा हात दिला तर हिरवटपणा मरतो, मात्र रंग थोडा गडद होतो. खरा चकचकीत निळा किंवा पिवळा हवा असेल तर डायचा नाद सोडून पांढऱ्या अस्तरावर अपारदर्शक रंग द्यावा. पिसांखालच्या भागापुरता तो पुरतो, आणि गवतात बाण शोधायलाही तोच कामी येतो.

वाळलेला डाय फिका, निर्जीव दिसतो म्हणून आणखी हात देणं हीदेखील नेहमीची चूक. पाण्याच्या डायवर टर्पेंटाइनचं ओलं फडकं फिरवून बघा. ओलेपणी जो रंग दिसतो, साधारण तोच वॉर्निशखाली येणार.

काढायचा झाला तर

डाय त्याच्याच द्रावकाने भिजवून पुसला तर निम्मा-अर्धा निघतो. उरलेल्यावर घरगुती क्लोरीनचं ब्लीच पुष्कळदा चालतं: हातमोजे घालून लावा, १५ मिनिटं थांबा, दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण दिवस वाळवा. धातू-संयुगाचे आधुनिक डाय ब्लीचला सहजी दाद देत नाहीत. काळ्या डायचा बऱ्याचदा पिवळट तपकिरी डाग उरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल, तसंच अमोनिया मिसळू नका, विषारी वायू निघतो. ब्लीचने तंतूही कमजोर होतात. एकदाच करा, आणि वाळल्यावर दांडा चारही बाजूंनी हलका वाकवून कुरकुर ऐका. आवाज आला किंवा चीर दिसली तर तो दांडा धनुष्यावर चढवायचा नाही.

पिगमेंटवर ब्लीचचा काही उपयोग नाही. गेरू आणि काजळी त्याला जुमानत नाहीत. स्टेन ताजा असेल तर टर्पेंटाइन आणि खरखरीत फडकं यांनी बराच सुटतो. वाळला असेल तर रंग काढायचं रसायन लावून चिकटा मऊ करा आणि रेषेच्या दिशेने नायलॉनच्या ब्रशने छिद्रं झाडा. एवढं करूनही पूड पूर्ण जात नाही. अशा वेळी गडद रंगाकडे जाणंच शहाणपणाचं. फिकट करण्याच्या नादात घासत बसलात तर दांडा हातचा जातो. पोलादी लोकर मात्र टाळा. तिचे तुटके धागे लाकडात राहतात आणि पाण्याच्या थराखाली गंजून तपकिरी ठिपके देतात.

दोन्ही एकत्र वापरायचे तर डाय आधी, मग लाखेचा पातळ हात, त्यावर पिगमेंट. डाय उन्हात फिका पडतो, पिगमेंट फारसा पडत नाही. सतत उघड्यावर राहणाऱ्या बाणांना ही जोडी जास्त टिकते.

पिसं लावण्याआधी पिसांच्या जागेवर वॉर्निशचा अखंड थर आहे ना, ते बघा. द्रावकाचा गोंद उघड्या स्पिरिटच्या डायला भिडला की रंग गोंदातून पिसाच्या मुळात चढतो, आणि पांढऱ्या पिसाला आलेली ती लाल कड नंतर जात नाही. तेलाचं पॉली वरून कोरडं लागलं तरी आत कच्चं असू शकतं. त्याच दांड्याच्या टोकाकडे गोंदाचा एक थेंब ठेवून पाहा. खालचा थर सुरकुतला तर आणखी काही दिवस थांबा.