अय्यंगार, कस्तुरीरंग

(१५ डिसेंबर १८५९ – १२ डिसेंबर १९२३). मद्रासचे वकील, काँग्रेसचे पुढारी आणि ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकाचे मालक-संपादक. जन्म कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावी. कोईमतूरला काही वर्षे वकिली करून १८९४ मध्ये ते मद्रासला आले आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदू’चे कायदेशीर सल्लागार झाले.

हे पत्र १८७८ मध्ये तरुण मित्रांनी उसन्या पैशांवर साप्ताहिक म्हणून काढले होते. १८८९ मध्ये ते दैनिक झाले. संस्थापक-संपादक जी. सुब्रमण्य अय्यर यांची लेखणी धारदार, पण हिशेबाची बाजू कायम लंगडी. १ एप्रिल १९०५ रोजी कस्तुरीरंगांनी ७५,००० रुपयांना ते विकत घेतले, तेव्हा खप जेमतेम ८०० होता. वर्गणी थकवणाऱ्यांचा अंक त्यांनी बंद केला, जाहिराती मिळवल्या, रॉयटर या वृत्तसंस्थेच्या बातम्यांच्या तारा घेतल्या. देशभक्तीच्या पत्राची थकबाकी वसूल करणे हेही देशकार्यच, हे त्या काळच्या फार थोड्या संपादकांना उमगले होते. त्यांच्या अखेरच्या काळात खप १७,००० च्या आसपास गेला.

ऑक्टोबर १९०६ मध्ये आर्बथनॉट ही मद्रासची बडी इंग्रज पेढी बुडाली आणि हजारो ठेवीदार देशोधडीला लागले. ‘हिंदू’ने हे प्रकरण लावून धरले. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट यांना पुढे १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

राजकारणात कस्तुरीरंग टिळकांच्या बाजूचे. १९१८ मध्ये युद्धकाळात युरोपला गेलेल्या भारतीय पत्रकारांच्या मंडळात ते होते. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’ वृत्तपत्रातर्फे गो. कृ. देवधर त्यांच्या सोबत होते. मार्च १९१९ मध्ये गांधीजी मद्रासला कस्तुरीरंगांच्याच बंगल्यात उतरले. आपण त्यांचेच पाहुणे आहोत असे गांधीजींना दोन दिवस वाटत होते. बंगला कस्तुरीरंगांचा असला तरी यजमान राजगोपालाचारी आहेत हे त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनी सांगितल्यावर कळले. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळण्याची कल्पना गांधीजींना याच मुक्कामात सुचली.

१९२२ च्या काँग्रेस सविनय कायदेभंग चौकशी समितीत कौन्सिल-प्रवेशावरून, म्हणजे काँग्रेसने कायदेमंडळांत जावे की नाही यावरून, सहा सभासदांत तीन-तीन अशी फूट पडली. हकीम अजमल खान, मोतीलाल नेहरू आणि विठ्ठलभाई पटेल प्रवेशाच्या बाजूने. अन्सारी, राजगोपालाचारी आणि कस्तुरीरंग विरोधात. त्यांचा पुतण्या ए. रंगस्वामी अय्यंगार मात्र प्रवेशवाद्यांच्या स्वराज्य पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात गेला आणि १९२८ मध्ये ‘हिंदू’चा संपादकही झाला.