हाडं जड म्हणून पोहता येत नाही?

वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या खेळाडूंची गोष्ट निघाली की एक समजही हमखास पुढे येतो: कृष्णवर्णीयांची हाडं जड असतात, म्हणून त्यांना पोहणं जमत नाही.

हाडांच्या घनतेत सरासरी थोडा फरक आढळतो, हे खरं. पण तरंगण्यात फुप्फुसांतली हवा आणि अंगातली चरबी यांचा वाटा मोठा. उथळ पाण्यात, कुणाला तरी सोबत ठेवून, छातीभर श्वास घ्या आणि आडवे व्हा. मग श्वास सोडून पाहा. फरक लगेच कळेल.

मग अमेरिकेत पोहणारे कृष्णवर्णीय कमी का? विसाव्या शतकात कितीतरी वर्षं तिथले अनेक सार्वजनिक तलाव त्यांना बंदच होते. ते सर्वांना खुले करायची वेळ आली, तेव्हा काही शहरांनी तलावच बुजवून टाकले (हो, चक्क बुजवले!). ज्या आईबापांना पोहायला शिकताच आलं नाही, ते मुलांना पाण्यात कसे सोडणार?

ऑलिंपिकचे जुने निकाल कुणालाही पाहता येतात. १९८८, सोल, पुरुषांची १०० मीटर बटरफ्लाय: सुवर्णपदक सुरिनामच्या कृष्णवर्णीय जलतरणपटूला, अवघ्या ०.०१ सेकंदाच्या फरकाने.