पुदिन्याला ऊन नको, सावलीच हवी

‘पाला कडक उन्हात वाळवला तरच टिकतो, सावलीत बुरशी धरते,’ असं लातूर-परभणीकडं सर्रास ऐकू येतं. कुरड्या-पापडांना ऊन हवंच. पण पुदिना, मेथी, कढीपत्ता टिकतात ते पाणी गेल्यामुळं, उन्हामुळं नव्हे. उलट उन्हात हिरवा रंग विटतो आणि ज्या तेलात वास असतो ते तेलच उडून जातं; हाती उरतो भुसा. फार वाईट वाटतं ते बघून!

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या पुढं, हवा कोरडीठाक. धुतलेली पानं निथळून, हवेशीर खोलीत सुती लुगड्यावर विरळ पसरा, रोज हलवा. काही दिवसांत बोटांनी चुरा होतो. मगच बरणीत भरा. बुरशीची भीती खरी आहे ती पावसाळ्यातल्या दमट हवेत.