बँडच्या नावाचा ट्रेडमार्क: करावा का, आणि अर्ज कोणाच्या नावाने?

गाण्याला कॉपीराइट असतो, नावाला नसतो. बँडचं नाव राखायचं तर ट्रेडमार्क घ्यावा लागतो. त्या नावाची कंपनी काढली, वेबसाइटचा पत्ता घेतला किंवा सोशल मीडियावर खातं उघडलं, म्हणून ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

प्रत्येक बँडने या भानगडीत पडावं असं मात्र मला वाटत नाही. हौसेने जमलेला आणि कधीही पांगेल असा ग्रुप असेल, तर ते पैसे रेकॉर्डिंगवर घालवलेले बरे. तिकीट लावून कार्यक्रम होऊ लागले, टी-शर्ट विकले जाऊ लागले, रेकॉर्ड लेबलशी (गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीशी) बोलणी सुरू झाली, की मग टाळू नका. अमेरिका, ब्रिटन, भारत इथे नाव आधीपासून वापरणाऱ्याला नोंदणीशिवायही काही हक्क मिळतात, पण ते सिद्ध करायला जुनी पोस्टरं, करार, बिलं शोधत बसावं लागतं. चीन, जपान आणि युरोपीय संघात मुख्यतः जो आधी अर्ज करेल त्याचं पारडं जड असतं.

नाव चालेल का?

नाव वेगळं ओळखू यावं लागतं. ‘रॉक बँड’ किंवा ‘लाइव्ह म्युझिक ग्रुप’ असली नुसती वर्णनं नोंदली जात नाहीत. नावात एखाद्या हयात व्यक्तीचं नाव असेल, तर अमेरिकेसारख्या देशात तिची लेखी संमती जोडावी लागते. अपमानकारक शब्दांबाबत देशोदेशी नियम वेगळे आहेत. ‘द स्लँट्स’ या आशियाई-अमेरिकन बँडचं नाव आशियाई लोकांना हिणवणारं आहे या कारणावरून नोंदणी नाकारली गेली होती. 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदीची तरतूदच घटनाबाह्य ठरवली.

अर्जाआधी शोध घ्या, आणि तो फक्त हुबेहूब नावाचा नको. उच्चार, दिसणं किंवा अर्थ जवळचा असला तरी हरकत येऊ शकते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट पाहता येतो. शिवाय स्ट्रीमिंग सेवाही चाळा, कारण नोंदणी न केलेला जुना कलाकारही आडवा येऊ शकतो. आयर्लंडमध्ये त्याच नावाचा बँड असल्यामुळे अमेरिकेच्या ‘ब्लिंक’चं ‘ब्लिंक-182’ झालं. ब्रिटनच्या ‘स्वेड’ला अमेरिकेत ‘द लंडन स्वेड’ म्हणून वावरावं लागलं. 2020 मध्ये ‘लेडी अँटिबेलम’ या अमेरिकन बँडने ‘लेडी ए’ हे नाव घेतलं. त्या नावाची नोंदणी बँडकडे आधीपासून होती, तरी त्याच नावाने कित्येक वर्षं गाणाऱ्या एका ब्लूज गायिकेशी कोर्टकज्जा झालाच.

मालक कोण?

अर्जातला हा एक रकाना बाकी सगळ्या रकान्यांना भारी आहे. ड्रमरने सोयीसाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि दोन वर्षांनी तो भांडून निघाला, तर कागदोपत्री नाव त्याचं! ब्रिटनच्या ‘सॅक्सन’ या हेवी मेटल बँडमधून बाहेर पडलेल्या दोघांनी ते नाव स्वतःकडे नोंदवलं. 2003 मध्ये न्यायालयाने ती नोंदणी रद्दबातल ठरवली. वेगळा करार नसेल तर नाव आणि त्यामागची पत ही भागीदारीची मालमत्ता असते, एकेका सदस्याची नव्हे, असं त्या निकालात म्हटलं आहे. अमेरिकेत तर मालक नसलेल्याने केलेला अर्ज मुळातच निरर्थक ठरतो, नंतर अर्जदाराचं नाव बदलून तो सावरता येत नाही.

म्हणून आधी करार करा. नाव कोणाचं, कोणी सोडून गेला तर त्याने ते वापरायचं का, निम्मे लोक गेले तर काय, ‘माजी सदस्य’ अशी जाहिरात चालेल का, हे सगळं लिहून सह्या घ्या. मॅनेजर किंवा लेबल ‘आम्हीच भरतो अर्ज’ म्हणालं, तर मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव जातंय ते स्वतः वाचा. बँडची भागीदारी किंवा कंपनी असेल तर अर्ज तिच्याच नावाने करावा.

वर्ग आणि कागदपत्रं

ट्रेडमार्क कोणत्या वस्तू-सेवांसाठी हवा ते अर्जात सांगावं लागतं, आणि त्यासाठीच्या नीस वर्गीकरण या आंतरराष्ट्रीय यादीत 45 वर्ग आहेत. बँडला लागतात ते साधारण असे: प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी 41, रेकॉर्डिंग आणि डाउनलोडसाठी 9, कपड्यांसाठी 25, पोस्टर-स्टिकरसाठी 16. बहुतेक ठिकाणी वर्ग वाढला की शुल्क वाढतं, आणि अर्ज फेटाळला गेला तर ते सहसा परत मिळत नाही. पैसे बेताचे असतील तर मी 41 आधी घेईन. शब्दचिन्ह (म्हणजे नुसतं नाव, कुठल्याही अक्षरशैलीशिवाय) आणि लोगो यांतलं एकच परवडत असेल तर शब्दचिन्ह घ्या. लोगो दर अल्बमला बदलतो.

अर्जासोबत अर्जदाराचं नाव-पत्ता आणि कायदेशीर स्वरूप, चिन्ह, वस्तू-सेवांची वर्गवार यादी आणि वकील असेल तर त्याचं अधिकारपत्र द्यावं लागतं. नाव दुसऱ्या लिपीत असेल तर त्याचं लिप्यंतर आणि अर्थही बऱ्याचदा मागतात. वापर सुरू असेल तर पहिल्या वापराची तारीख आणि पुरावा तयार ठेवा: कार्यक्रमाची जाहिरात, विक्रीचं पान वगैरे. अमेरिकेत एक खोच आहे. रेकॉर्डिंगसाठी कलाकाराचं नाव नोंदवायचं तर एकच अल्बम पुरत नाही, किमान दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग दाखवावी लागतात.

अर्जानंतर

परीक्षक अर्ज तपासतो, हरकत असेल तर उत्तर मागतो, मग नाव प्रसिद्ध होतं आणि इतरांना विरोध नोंदवायला मुदत मिळते: अमेरिकेत 30 दिवस, युरोपीय संघात 3 महिने, भारतात 4 महिने. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहा. वर्तुळातला ‘आर’ ही नोंदणी झाल्याची खूण आधीच लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

हक्क त्या-त्या देशापुरताच मिळतो. परदेश दौरा ठरत असेल तर पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केल्यास पॅरिस करार या आंतरराष्ट्रीय करारानुसार पहिल्या अर्जाची तारीख धरली जाते. माद्रिद पद्धत या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या सोयीत एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात, पण पहिली 5 वर्षं ती नोंदणी मूळ देशातल्या अर्जावर किंवा नोंदणीवर अवलंबून असते. मूळ कोसळलं तर बाकीचंही कोसळतं.

नोंदणी साधारणपणे 10 वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. मात्र नाव वापरातच नसेल तर ती रद्द होऊ शकते, युरोपीय संघात सलग 5 वर्षांनी, जपानमध्ये 3 वर्षांनी. बँडने मोठी सुट्टी घेतली असली तरी जुनी रेकॉर्डिंग त्या नावाने विक्रीला ठेवा आणि त्या विक्रीचे कागद जपून ठेवा.