‘संपलो, आपण संपलो!’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यामागची पन्नास वर्षं

३१ जुलै १९६८ रोजी बीबीसीवर ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका सुरू झाली. १९४० साली जर्मन फौजा कधीही इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील अशी धास्ती होती आणि गावोगावी होमगार्डच्या तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एका काल्पनिक तुकडीची ही गोष्ट. भरतीचं वय न झालेली पोरं, भरतीचं वय कधीच उलटलेले बाप्ये, आणि सुरुवातीला तर हातात धड बंदुकाही नाहीत. या तुकडीत फ्रेझर नावाचा एक स्कॉटिश म्हातारा आहे. अंत्ययात्रांची व्यवस्था बघणं हा त्याचा धंदा, आणि स्वभावानं तो पक्का कवडीचुंबक. जरा काही बिनसलं की डोळे वटारून, आवाज खोल नेऊन तो जाहीर करतो, ‘संपलो! आपण संपलो!’ १९७७ पर्यंत ८० भाग झाले. ब्रिटनमध्ये हे वाक्य आजही कुणीही कुठेही फेकतं आणि समोरच्याला ते कळतं.

फ्रेझर साकारणारे जॉन लॉरी मालिका सुरू झाली तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी हॅम्लेट केला होता, हिचकॉक आणि मायकल पॉवेल या दिग्दर्शकांबरोबर काम केलं होतं, नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या तिन्ही शेक्सपिअरपटांत ते होते. विनोदी म्हातारा म्हणून त्यांची ओळख झाली ती आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात.

लॉरी यांचा जन्म २५ मार्च १८९७ चा, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डम्फ्रीस गावातला. कवी रॉबर्ट बर्न्स याच गावात वारला. १७९२ मध्ये उघडलेलं थिएटर रॉयलही इथलंच. ‘पीटर पॅन’ लिहिणारे जे. एम. बॅरी ज्या डम्फ्रीस अकॅडमीत शिकले, तिथेच लॉरीही शिकले. पुढे वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. ते आघाडीवर गेले आणि तब्येत बिघडवून परतले. इमारतींचे आराखडे मागे पडले ते कायमचेच. १९२१ मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले, तेही डम्फ्रीसमध्येच आणि बॅरींच्याच नाटकात.

स्कॉटिश नट स्कॉटलंडमध्येच का राहिला नाही, हे समजून घ्यायला हवं. त्या काळात तिथे नाटक शिकायची म्हणावी अशी सोयच नव्हती. ग्लासगोचं सिटिझन्स थिएटर १९४३ चं, तिथलं नाट्यमहाविद्यालय १९५० चं आणि राष्ट्रीय नाट्यसंस्था तर थेट २००६ ची. नट व्हायचं म्हणजे लंडन गाठायचं. तिथे स्कॉटिश माणसाचा साचा आधीच तयार होता. हॅरी लॉडरसारख्या विविधरंगी कार्यक्रमांतल्या लोकप्रिय कलावंतांनी किल्ट (पुरुषांचा चौकटींचा घागरा), वाकडीतिकडी काठी आणि चिक्कूपणाचे विनोद यांवर प्रेक्षक पोसला होता. स्कॉटिश हेल कानावर पडला रे पडला की लंडनचा प्रेक्षक हसायला तयार.

लॉरी शिकले एल्सी फोगर्टी यांच्या शाळेत. ही शाळा रॉयल अल्बर्ट हॉलच्या इमारतीत भरायची. फोगर्टी बाईंचा सगळा भर आवाजावर: श्वास कुठून घ्यायचा, ओळ कुठे तोडायची, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोहोचवायची. ऑलिव्हिए आणि अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट हेही त्यांचेच विद्यार्थी, लॉरींच्या नंतरचे. तिथून लॉरी ओल्ड विक नाट्यगृहात आले. लिलियन बेलिस यांनी चालवलेलं हे नाट्यगृह श्रीमंतांच्या वेस्ट एंडमध्ये नव्हतं, थेम्सपलीकडच्या कष्टकरी वस्तीत होतं. तिकीट स्वस्त, नटांचा पगार त्याहून स्वस्त आणि शेक्सपिअर मात्र बारमाही.

१९२७ मध्ये स्ट्रॅटफर्डला त्यांनी हॅम्लेट केला. तिथलं नाट्यगृह आदल्याच वर्षी आगीत खाक झालं होतं, आणि नवं उभं राहीपर्यंत शेक्सपिअरच्या गावात शेक्सपिअरचे प्रयोग एका सिनेमागृहात होत होते. मॅकबेथ, ऑथेल्लो, तिसरा रिचर्ड अशा एकाहून एक भूमिका त्या वर्षांत त्यांच्या वाट्याला आल्या. विशेष म्हणजे या भूमिकांसाठी त्यांना स्कॉटिश हेल बाजूला ठेवावा लागत होता, आणि सिनेमात गेल्यावर सगळ्यांना नेमका तोच हवा होता.

बोलपट आले आणि ज्यांना बोलता येतं अशा नटांची स्टुडिओंना निकड भासू लागली. लॉरींचा पहिला चित्रपट १९३० चा, हिचकॉकने केलेलं आयरिश नाटककार शॉन ओ’केसीच्या ‘जुनो अँड द पेकॉक’चं चित्ररूप. त्यात ते स्कॉटिश नव्हे तर आयरिश तरुण झाले. खरी छाप पडली ती पाच वर्षांनी, पुन्हा हिचकॉकच्याच ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मध्ये. भूमिका जेमतेम काही मिनिटांची.

खुनाचा आळ आलेला नायक हॅने डोंगराळ मुलखात एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता आसरा मागतो. लॉरींचा शेतकरी आधी भाडं ठरवतो. घरातल्या तरुणीला हॅने त्याची मुलगी समजतो, ती निघते बायको. जेवणाआधी प्रार्थना सुरू होते. टेबलावर वर्तमानपत्र आहे, त्यात खुनाची बातमी आहे. बायकोची नजर बातमीवरून पाहुण्याकडे जाते, पाहुणा डोळ्यांनीच तिला गप्प राहायला विनवतो. आणि देवाचं नाव घेता घेता शेतकऱ्याचे डोळे दोघांवर फिरत राहतात. त्याला खुनाचा वास येत नाही, त्याला वेगळंच वाटतंय. काहीतरी निमित्त काढून तो बाहेर पडतो आणि खिडकीतून आत पाहतो. पुढे तो हॅनेकडून पैसे घेतो आणि त्याला पोलिसांच्या हवालीही करायला निघतो. बायको म्हणजे पेगी ॲशक्रॉफ्ट, एकाच गुरूकडे शिकलेले दोघे समोरासमोर. या दृश्यात ओरडणं जवळपास नाहीच. कंजूष, धर्मभीरू, संशयी असा तोच जुना साचा लॉरींनी इथे वापरला, फक्त त्यातला विनोद काढून घेतला. उरलं ते भयंकर आहे.

१९३६ च्या उन्हाळ्यात मायकल पॉवेल त्यांना स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंडमधल्या फाउला बेटावर घेऊन गेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या सेंट किल्डा बेटावरचे शेवटचे ३६ रहिवासी ऑगस्ट १९३० मध्ये स्वतःहून बेट सोडून मुख्य भूमीवर आले होते. ‘दि एज ऑफ द वर्ल्ड’ या चित्रपटाला ती पार्श्वभूमी होती. सेंट किल्डाच्या मालकाने परवानगी नाकारली म्हणून फाउला. लॉरींनी बेट सोडायला तयार नसलेला पीटर मॅन्सन केला. वय चाळिशीच्या आतलं, भूमिका जवान पोरांच्या बापाची. निघायला हवं असं म्हणणारा शेजारी होता फिनले करी, हाही स्कॉटिश आणि हाही पुढे जन्मभर चरित्र अभिनेताच. माझ्या मते लॉरींचं पडद्यावरचं सर्वोत्तम काम हेच. समुद्र, कडे आणि वारा यांच्यापुढे नाटकी अभिनय उघडा पडतो. त्यांचा चेहरा मात्र त्या कड्यांपुढे टिकतो.

यानंतर पडद्यावर नायकपण आलं नाही, काम मात्र कधी थांबलं नाही. ऑलिव्हिएच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये (१९४४) ते स्कॉटिश कप्तान जेमी होते. १९४८ च्या ऑस्करविजेत्या ‘हॅम्लेट’मध्ये पहाऱ्यावरचा फ्रान्सिस्को. सुरुवातीलाच थंडीनं गारठल्याचं आणि मन खिन्न असल्याचं सांगून निघून जाणारा शिपाई. एकेकाळचा हॅम्लेट आता दारावर पहारा देत होता. त्यांना त्याचं काय वाटलं असेल ते असो, पण ती एक ओळ त्यांनी पूर्ण भूमिकेसारखी म्हटली आहे. मग डिस्नेच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला (१९५०) आंधळा प्यू, ‘किडनॅप्ड’मधला (१९६०) पुतण्याच्या जिवावर उठलेला काका, हॅमर कंपनीच्या भयपटातला वेडा पीटर. चिक्कू, भ्रमिष्ट, अपशकुनी म्हातारे म्हटलं की निर्मात्यांना लॉरी आठवायचे.

‘डॅड्स आर्मी’ची लेखक जोडी जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः पोरवयात होमगार्डमध्ये होते, आणि दुसऱ्या महायुद्धात लॉरीही. सुरुवातीच्या भागांत फ्रेझरला फारसं काही नव्हतं, पात्र हळूहळू नटाच्या अंगावर बेतलं गेलं. लॉरींना या प्रसिद्धीचं कौतुक नव्हतं असं दिसतं. शेक्सपिअर कोळून प्यायलो आणि नाव झालं ते या टुकार गोष्टीमुळे, अशा अर्थाचं ते बोलल्याची आठवण पेरी सांगत.

पण टुकार म्हणत का होईना, काम त्यांनी हातचं राखून केलं नाही. फ्रेझर तुकडीला जुन्या रिकाम्या कोठाराची गोष्ट सांगतो तो प्रसंग पाहा. आवाज खाली खाली जातो, शब्दांमधली जागा वाढत जाते, डोळे विस्फारतात, बाकीचे पुढे झुकतात. कोठारात काय होतं? काहीच नव्हतं, ते रिकामं होतं! हा विनोद कागदावर जेमतेम दोन ओळींचा. तो उभा राहतो ते सगळं फोगर्टींच्या शाळेतल्या श्वासावर आणि ओल्ड विकमधल्या मॅकबेथवर. भुतांची भाषा ज्याने मनापासून बोललेली आहे, त्यालाच तिची अशी टर उडवता येते.

१९७५ मध्ये मालिकेचा रंगमंचीय प्रयोग लंडनला लागला, तेव्हा फ्रेझरच्या भूमिकेत लॉरी नव्हते. १९७८ मध्ये मात्र पॉवेल यांच्याबरोबर ते पुन्हा फाउलाला गेले. एका जोड-लघुपटासाठी, जुन्या चित्रपटानंतर चाळीसेक वर्षांनी. फिनले करी तोवर गेले होते. लॉरी २३ जून १९८० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी वारले.

ज्यांनी त्यांचं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी मालिकेपासून सुरुवात करू नये. आधी ‘थर्टीनाइन स्टेप्स’मधला तो शेतकरी पाहावा, मग ‘दि एज ऑफ द वर्ल्ड’, आणि त्यानंतर फ्रेझर. या क्रमाने गेलं तर ‘संपलो’ ऐकताना हसू येतंच, शिवाय ते कुठून आलंय तेही ऐकू येतं.